‘चर्चा करावी’

विद्यापीठात चौतीस वर्षं काढली, पण फाइलवर सरळ ‘नाही’ लिहिलेलं फार थोड्या वेळा पाहिलं. साहेब लोक ‘नाही’ लिहीत नाहीत, ‘चर्चा करावी’ लिहितात. म्हणजे लिहून काही द्यायचं नाही, तोंडी ऐकायचं आहे, आणि सही करायची की नाही ते तुमचा चेहरा बघून ठरवायचं आहे. ‘वित्त विभागाचे अभिप्राय घ्यावेत’ म्हणजे दोन महिने तरी इकडे फिरकू नका. ‘प्रचलित पद्धतीनुसार कार्यवाही करावी’ म्हणजे चाललंय ते बरं चाललंय. आणि सगळ्यांत वाईट शेरा म्हणजे नुसतं ‘पाहिले’. खाली सही, तारीख. तुम्ही दाखवलंत, मी पाहिलं, आता दोघेही मोकळे.

हे शेरे वाचायला मला निम्मी नोकरी लागली. 1990 साली कनिष्ठ लिपिक म्हणून चिकटले आणि 2024 च्या 31 मेला परीक्षा विभागातून कक्षाधिकारी म्हणून निवृत्त झाले. 31 मे म्हटलं की समजून घ्या: जन्मतारीख 1 जून. गावच्या गुरुजींनी शाळेत घालताना अर्ध्या वर्गाला तीच तारीख लावली होती, त्यामुळे आमच्या कार्यालयात दर वर्षी 31 मेला हारतुऱ्यांची रांग लागायची. कागदावर दुसऱ्याने लिहिलेलं आपल्याला जन्मभर पुरतं, हे मला तरी कुणी वेगळं सांगायला नको होतं. म्हणूनच असेल, ते प्रकरण माझ्या डोक्यातून जाईना.

2018 चा जानेवारी. खिडकीवर काहीतरी वादावादी चालली म्हणून मी उठून गेले. एक मुलगी आणि तिचे वडील. पहाटेची एसटी पकडून सव्वाशे किलोमीटरवरून आलेले. वडिलांच्या हातात प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेली पदवी. मुलीला बी.एड.ला प्रवेश घ्यायचा होता आणि पदवीवर आईचं नाव चुकलं होतं. मी पदवी उजेडात धरली. ‘शकुंतला’चं ‘शंकुतला’ झालं होतं. टिंब एक अक्षर अलीकडे सरकलेलं. मुलीचा परीक्षा अर्ज काढायला सांगितला. त्यावर स्वच्छ अक्षरात ‘शकुंतला’. म्हणजे चूक आमच्या छपाईतली.

आमचा लिपिक त्यांना नियम सांगत होता. त्याचं काही चुकत नव्हतं. तीनशे रुपयांचं चलन, प्राचार्यांचं शिफारसपत्र, दहावी-बारावीच्या गुणपत्रिका आणि प्रतिज्ञापत्र. मुलीने शपथेवर सांगायचं की माझ्या आईचं खरं नाव अमुक आहे. वडील शांतपणे म्हणाले, “मॅडम, चूक तुमची झाली. मग शपथ आमच्या पोरीनं का घ्यायची?”

माझ्याकडे उत्तर नव्हतं. त्यांनी प्रतिज्ञापत्र केलं, तीनशे भरले, पुन्हा दोन खेपा घातल्या आणि दुरुस्त पदवी घेऊन गेले. त्यांचं काम झालं. माझं सुरू झालं.

त्या रात्री घरी बसून मी चार पानांची टिपणी लिहिली. आता आठवलं की हसू येतं. ‘विद्यार्थी हा विद्यापीठाचा केंद्रबिंदू आहे’ हे वाक्य त्यात दोनदा होतं. ग्रामीण भाग, मुलींचं शिक्षण, पालकांची मजुरी बुडते, सगळं होतं. शेवटी, ज्या चुका विद्यापीठाकडून झाल्या त्यांच्यासाठी शुल्क आणि प्रतिज्ञापत्र घेऊ नये, असा प्रस्ताव. उपकुलसचिवांच्या मार्फत परीक्षा संचालकांकडे सादर.

तीन आठवड्यांनी फाइल परत आली. ‘प्रचलित पद्धतीनुसार कार्यवाही करावी.’

तेव्हा मला वाटलं, या माणसाला काळीज नाही. आज वाटतं, त्यांनी दुसरं काय लिहायचं होतं? माझ्या चार पानांचा अर्थ एवढाच होत होता की तुमचा विभाग चुका करतो, त्याचे पैसे पोरांकडून घेतो, आणि हे मी लेखी देत आहे. त्यावर ‘मान्य’ लिहिणं म्हणजे कबुलीजबाब. उद्या कुणी माहिती अधिकारात टिपणी मागितली तर पहिलं पान वर्तमानपत्रातच जायचं. मी न्यायाची बाजू मांडली होती, पण सही करणाऱ्याच्या नावाने आरोपपत्रही तयार करून ठेवलं होतं.

पण हे कळायला अजून वेळ होता. मधे मी आणखी मोठी घोडचूक केली.

1 मेचं ध्वजवंदन झालं, चहापान चाललं होतं. कुलगुरू कप हातात घेऊन आमच्या घोळक्याशी आले आणि सहज म्हणाले, “काय, परीक्षा विभाग काय म्हणतोय?” मी सांगून टाकलं. शकुंतला, टिंब, शपथ, सगळं. त्यांना पटलं. “अहो, हे तर लगेच व्हायला हवं,” म्हणाले, आणि तिथेच चार पावलांवर उभ्या असलेल्या संचालकांना हाक मारली. “हे का पडून आहे?” बाजूला दोन अधिष्ठाता, व्यवस्थापन परिषदेचे एक सदस्य. संचालक नुसते हसले.

दुसऱ्या दिवशी दालनात बोलावणं आलं. आवाज चढला नाही. समोरचा कागद वाचत वाचतच म्हणाले, “मॅडम, आता तुम्ही थेट वर बोलायला लागलात.” मी काहीतरी पुटपुटले. “नाही, चांगलं आहे. बोलावं.” एवढंच. त्यानंतर चार महिने ती फाइल कुठे आहे ते कुणाला सांगता येईना. आवक नोंदवहीत दिसायची, टेबलावर दिसायची नाही. कुलगुरूंच्या डोक्यावर परिषदेच्या बैठका, निकाल, आंदोलनं. ते मे महिन्यातच विसरले असणार. मी ज्यांच्यावर भिस्त ठेवली ते विसरले, आणि ज्यांना चारचौघांत खाली बघायला लावलं ते विसरले नाहीत.

आस्थापना विभागात एक अधीक्षक होते. निवृत्तीला थोडे दिवस उरलेले, तोंडाने फटकळ, टिपणी मात्र अशी लिहायचे की परत येत नसे. कँटीनमध्ये त्यांना माझी रड ऐकवली. बशीत चहा ओतत म्हणाले, “मॅडम, साहेबाला पटवत बसू नका. साहेबाला कधीच पटलेलं असतं. उद्या कुणी विचारलं तर साहेबानं काय सांगायचं, ते लिहून द्या.” मग थोडं थांबून, “आणि त्यांना भीती कशाची आहे ते आधी शोधा.”

ते सांगितलं स्वीय सहायकांनी. विद्यापीठात कुणाला काय टोचतं हे पीएला ठाऊक असतं. संचालक पूर्वी उपकुलसचिव असताना नावदुरुस्तीचं एक बोगस प्रकरण झालं होतं. दुरुस्तीच्या नावाखाली एका भावाची पदवी दुसऱ्या भावाच्या नावावर. लिपिक निलंबित झाला, चौकशी समिती बसली, आणि साहेबांना दोनदा खुलासा द्यावा लागला. “तेव्हापासून सर कागदाशिवाय पाणीसुद्धा पीत नाहीत,” पीए म्हणाले.

म्हणजे मी ज्याला जाच म्हणत होते ती त्यांची ढाल होती. ती ढाल सोडा म्हणून मी चार पानं भरून सांगत होते, पण बदल्यात हातात काहीच देत नव्हते.

मग मी उलट्या बाजूने सुरुवात केली. पहिला प्रश्न: प्रतिज्ञापत्राची अट आली कुठून? विभागात प्रत्येक जण म्हणायचा, ‘अध्यादेशात आहे’. अध्यादेशांचं, म्हणजे विद्यापीठाच्या स्वतःच्या नियमांचं, पुस्तक पानन् पान चाळलं. दुरुस्तीचा अध्यादेश होता, शुल्क ठरवण्याचा अधिकार होता, प्रतिज्ञापत्राचा शब्द नव्हता. शेवटी शिपाईमामांना घेऊन अभिलेख कक्षात उतरले. तळघर, एकच बल्ब, डांबराच्या गोळ्यांचा वास, आणि लाल फडक्यात बांधलेली गाठोडी. मामा गाठोडं सोडायचे, मी पाठपोट कागद उलटायची. तिसऱ्या दिवशी दुपारी सापडलं. 1998 चं परिपत्रक, स्टेन्सिल कापून सायक्लोस्टाइल केलेलं, खाली तेव्हाच्या परीक्षा नियंत्रकांची सही. तेव्हा जुना 1994 चा कायदा होता आणि आताच्या संचालकपदाचं नाव परीक्षा नियंत्रक असं होतं. त्या वर्षी उन्हाळी परीक्षेत नावांचा काही घोळ झाला होता, म्हणून ‘पुढील आदेश होईपर्यंत’ दुरुस्तीच्या प्रत्येक अर्जासोबत प्रतिज्ञापत्र घ्यावं, असं त्यात होतं.

पुढील आदेश होईपर्यंत! वीस वर्षं तो पुढचा आदेश काढायचं कुणाला सुचलं नव्हतं. मी त्या तळघरात मोठ्याने हसले. मामांना वाटलं, झुरळ निघालं.

दुसरी गोष्ट, अर्जांचा गठ्ठा. कनिष्ठ लिपिक मुलगी हुशार होती. तिला घेऊन शेवटचे 200 अर्ज तपासले. परीक्षा अर्जात बरोबर आणि पदवीवर चूक, असे एका बाजूला. विद्यार्थ्यानेच चुकीचं भरलेले किंवा लग्नानंतर, राजपत्रानंतर नाव बदललेले दुसऱ्या बाजूला. पहिला ढीग दुसऱ्यापेक्षा उंच झाला. आणि दोन ढीग समोर दिसले तेव्हा उत्तरही तिथेच दिसलं. साहेबांना ज्याची भीती होती ते सगळं दुसऱ्या ढिगात होतं. त्याला हात लावायचं कारणच नव्हतं. तिथली ढाल तशीच राहू दे.

या वेळी टिपणी एका पानात बसवली. ‘केंद्रबिंदू’ गेला, मजुरी गेली, ‘चूक’ हा शब्दसुद्धा काढला. त्याऐवजी ‘मूळ अभिलेखाशी तफावत’. असली भाषा मला आवडत नाही, पण ‘चूक’वर सही होत नाही आणि ‘तफावत’वर होते, याला माझा इलाज नाही. पहिल्याच ओळीत प्रस्ताव: ज्या प्रकरणी परीक्षा अर्जातील नोंद बरोबर असून प्रमाणपत्रात तफावत आहे, अशा प्रकरणी शुल्क व प्रतिज्ञापत्र न घेता साध्या अर्जावर दुरुस्ती करावी. मग बंदोबस्त: दोन कर्मचाऱ्यांनी स्वतंत्रपणे पडताळून सह्या करायच्या, जुनी पदवी परत घेऊन त्यावर ‘रद्द’चा शिक्का मारायचा, वेगळी नोंदवही, दर महिन्याची यादी संचालकांकडे. प्रतिज्ञापत्राने जेवढं संरक्षण मिळत होतं त्यापेक्षा हे जास्त होतं. खोटं प्रतिज्ञापत्र करणं त्या बोगस भावालाही जड गेलं नव्हतं.

मग पताका, म्हणजे जोडलेला कागद चटकन सापडावा म्हणून लावलेल्या चिठ्ठ्या. पताका ‘अ’ला 1998 चं परिपत्रक. पताका ‘ब’ला राज्य शासनाचा 9 मार्च 2015 चा निर्णय: कायद्याने बंधनकारक नसेल तिथे प्रतिज्ञापत्राऐवजी स्वयंघोषणापत्र घ्यावं, साक्षांकित प्रतींऐवजी स्वयंसाक्षांकित प्रती चालाव्यात. त्याच वर्षी लोकसेवा हक्क अधिनियमही आला होता, पण तो मी जोडला नाही. टिपणीला पताका वाढल्या की साहेबांना संशय येतो.

अधीक्षकांना मसुदा दाखवला. त्यांनी दोन गोष्टी केल्या. सुरुवातीला मी लिहिलं होतं, ‘मा. कुलगुरू महोदयांनी दिलेल्या तोंडी निर्देशांच्या अनुषंगाने’. ते खोडलं. “हे ठेवलंत तर काम कुलगुरूंचं होईल. संचालकांचं होऊ द्या.” दुसरं म्हणजे, मी हा बदल कायमचा सुचवला होता. त्यांनी लिहिलं, ‘प्रायोगिक तत्त्वावर एक वर्षासाठी’. मी म्हटलं, एक वर्ष कशाला? म्हणाले, “साहेबाला काहीतरी कापायला ठेवावं लागतं.”

वित्त व लेखा अधिकाऱ्यांकडे मी फाइलच्या आधी गेले. हे आपलं आपण शिकले. फाइल आधी गेली की अभिप्राय लेखी येतो, आणि लेखी आलेला अभिप्राय मागे घेणं कुणालाच जमत नाही. अपेक्षेप्रमाणे म्हणाले, “उत्पन्न बुडतंय. लेखापरीक्षक आक्षेप काढतील.” मी म्हटलं, “सर, सेवा न देता शुल्क घेतलं तर आक्षेप निघेल की आपल्याच छपाईची दुरुस्ती फुकट केली तर?” ते गप्प झाले. मग कोऱ्या पदव्यांच्या साठ्यावर घसरले. त्या क्रमांकित असतात, एकेका कागदाचा हिशेब. ‘रद्द’ पदवी आणि नवी पदवी यांचे क्रमांक समोरासमोर लिहायचा रकाना नोंदवहीत वाढवला. तो त्यांचा आग्रह होता आणि बरोबर होता. मला सुचला नव्हता.

आता वेळ. मे ते जुलै परीक्षा विभागात नवा विषय काढणं म्हणजे लग्नघरात भाड्याची पावती मागणं. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, 2016 च्या कलम 89 प्रमाणे निकाल 30 दिवसांत लावण्याचा प्रयत्न करायचा, आणि काही झालं तरी 45 दिवसांच्या आत. त्या 45 दिवसांत संचालकांचा फोन कानापासून सुटत नाही. मी गणपती जाऊ दिले. गणपतीनंतर आणि हिवाळी परीक्षेच्या आधी जो पंधरवडा मिळतो, त्यातला एक दिवस पीएंनी सांगितला. “तीन वाजता या. डबा झालेला असतो आणि भेटायला येणारे चारनंतर.”

मी गेले. संचालकांनी चष्मा वर करून बघितलं. मे महिन्यातलं अजून होतंच डोळ्यांत. मी आधी तेच उरकलं. म्हटलं, “सर, ध्वजवंदनाच्या दिवशी माझं चुकलं. आधी तुमच्याशी बोलायला हवं होतं.” ते काही बोलले नाहीत, पण समोरच्या खुर्चीकडे हात केला.

त्यांनी पान वाचलं. शासन निर्णयाची पताका बघून म्हणाले, “हे शासनाच्या कार्यालयांना. आपण स्वायत्त.” मी वाद घातला नाही. “हो सर, नुसतं संदर्भासाठी लावलंय.” पुढे म्हणाले, “कुलगुरूंकडून 12 च्या 7 खाली घेऊन टाकू, म्हणजे आपल्यावर नको.” 12 च्या 7 म्हणजे त्याच कायद्याचं कलम 12(7), कुलगुरूंचा तातडीचा अधिकार. हे होणार हे मला माहीत होतं. म्हटलं, “सर, त्यात तातडी दाखवावी लागते आणि नंतर ते प्राधिकरणापुढे ठेवावं लागतं. वीस वर्षं चाललेली गोष्ट आज तातडीची कशी, असं एखाद्या सदस्यानं विचारलं तर?” आणि पताका ‘अ’ उघडून पुढे सरकवली.

त्यांनी ते जुनं परिपत्रक दोनदा वाचलं. शेवटच्या ओळीवर बोट ठेवलं. मग इतक्या वर्षांत पहिल्यांदा मी त्यांना दालनात हसताना पाहिलं. “म्हणजे हा पुढचा आदेश आपणच काढायचा राहिला होता.”

बंदोबस्ताच्या परिच्छेदावर ते सर्वांत जास्त थांबले. मासिक यादी पंधरवड्याची केली. आणि पेन उघडून ‘एक वर्ष’ खोडून ‘सहा महिने’ लिहिलं, बाजूला आद्याक्षरी. अधीक्षकांची आठवण होऊन मला खाली बघावं लागलं. त्यानंतर फाइल माझी राहिलीच नाही. कुलगुरूंकडे ते स्वतः घेऊन गेले, मी बाहेर बाकावर बसले. ऑक्टोबरमध्ये परिपत्रक निघालं.

सहकाऱ्यांपैकी काहींनी याला चमचेगिरी म्हटलं. म्हणोत. चमचेगिरी करणारे आमच्याकडे होते. दर एप्रिलला साहेबांच्या घरी आंब्याची पेटी पोचवणारे एक गृहस्थ होते, त्यांची प्रवासभत्त्याची बिलं झटक्यात निघायची. पण ज्यावर सही करणाऱ्याला उद्या जाब द्यावा लागेल असा एकही कागद त्यांना कधी मंजूर करून घेता आला नाही. आणि माझी ही पद्धत तरी प्रत्येक वेळी कुठे लागू पडली? खिडकीसमोर रांगेतल्या पोरांवर पत्र्याची शेड घालावी म्हणून मी सहा वर्षं टिपण्या केल्या. एका पानाच्या, पताका लावून, वेळ साधून. अभियांत्रिकी विभाग, वित्त विभाग, पुन्हा अभियांत्रिकी. मी निवृत्त झाले त्या दिवशीही पोरं उन्हातच उभी होती. तिथे नक्की कोण कशाला घाबरत होतं, ते मला शेवटपर्यंत सापडलं नाही.

पुढच्या अधिसभेत एका सदस्याने पदवीदुरुस्तीच्या नव्या पद्धतीबद्दल संचालकांचं अभिनंदन केलं. उत्तरादाखल संचालक म्हणाले, “पदभार घेतल्यापासून हा विषय माझ्या मनात होता.” मी मागच्या रांगेत फायली सांभाळत बसले होते. खोटं कशाला बोलू, लागलं थोडं. मग वाटलं, ज्या गोष्टीला ते स्वतःची म्हणतायत ती ते स्वतःच बंद कशाला करतील?

2019 च्या एप्रिलमध्ये सहा महिने संपले. कनिष्ठ लिपिक मुलगी फाइल घेऊन माझ्या टेबलाशी आली. “मॅडम, प्रायोगिक मुदत संपली. मुदतवाढीची टिपणी टाकू?”

मी परिपत्रक पुन्हा एकदा वाचलं. मुदत वरच्या परिच्छेदात होती. खाली टंकलेखकाने सवयीने नेहमीची ओळ ठोकून दिली होती: ‘सदर कार्यपद्धती पुढील आदेश होईपर्यंत लागू राहील.’

“कुणी विचारलंय का?” मी म्हटलं.

“नाही.”

“मग ठेव कपाटात. खालच्या कप्प्यात.”